फ्रेंच पाव आणि वऱ्हाडची भाकर

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे फेरबदल झाले, त्यांत केक, पेस्ट्री आणि बिस्किटे यांवरील कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. साधा पाव पूर्वीपासूनच करमुक्त होता. आता पिझ्झाचा पावही करमुक्त झाला. मुंबई-पुण्याच्या बेकरी-कॅफेंत या बातमीने आनंद झाला असेल, यात नवल नाही. नवल याचे की, यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावीही आता या बातमीला गिऱ्हाईक आहे. खारी, टोस्ट आणि नानकटाई विकणाऱ्या बेकरीला हळूहळू कॅफेचे रूप येत आहे. काचेच्या कपाटात चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोसाँ मांडला जातो, पाटीवर एखादा फ्रेंच वाटावा असा शब्द झळकतो आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी तरुण मंडळी तेथे जमतात. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या या जिल्ह्यात हे घडावे, याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. आम्ही त्यांच्यापैकी नाही. बाहेर जाऊन चार घास खावेत ही इच्छा जिल्ह्याच्या गावातील माणसाला असू नये, असे म्हणण्याचा अधिकार मुंबईच्या माणसाला नाही, आणि यवतमाळच्या माणसाला तर मुळीच नाही.

शिवाय परक्याचे खाणे आपलेसे करण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. ‘पाव’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी दिलेला. मुंबईत धोबीतलावाजवळचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे, पुण्याचे गुडलक १९३५ सालचे. इराणातून आलेल्या माणसांनी काढलेल्या या हॉटेलांत गिरणी कामगार, वकील आणि कॉलेजातले विद्यार्थी एकाच संगमरवरी टेबलावर ब्रून-मस्का खात आले. इराण्याचे हॉटेल आपले झाले याचे मुख्य कारण त्याची किंमत होती. नव्या फ्रेंच वळणाच्या कॅफेचे तसे नाही. महानगरात एका क्रोसाँला दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी संकरित ज्वारीचा किमान आधारभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, म्हणजे किलोला सदतीस रुपये. एका क्रोसाँच्या पैशांत चार-पाच किलो ज्वारी येते, आणि बाजार समितीत हा आधारभाव पदरात पडेलच याची शाश्वती नाही. ही तुलना खाणाऱ्याला लाजविण्यासाठी केलेली नाही. ‘फ्रेंच’ या शब्दाबरोबर आपण फ्रान्समधून नेमके काय आणले आणि काय तेथेच ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

फ्रान्समध्ये पाव ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातील बाया व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या त्या पावासाठी. राज्यक्रांतीचा तो धडा फ्रेंच राज्यकर्ते विसरले नाहीत. मध्यंतरीचे अपवाद सोडले, तर १९७८ सालापर्यंत पावाच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण होते. किमतीवरचे नियंत्रण उठल्यावर, यंत्रावर भराभर निघणाऱ्या बेचव पावाने खऱ्या पावाला हुसकावून लावू नये म्हणून १९९३ साली त्यांनी खास फर्मान काढले. ‘परंपरागत फ्रेंच पाव’ असे ज्याला म्हणावयाचे, त्याच्या कणकेत गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांपलीकडे जवळपास काही असता कामा नये, रासायनिक भर तर नकोच, आणि कोणत्याही टप्प्यावर ती गोठविलेली असता कामा नये. १९९८ साली आणखी एक कायदा झाला. जो स्वतः कणीक मळतो आणि जेथे विकतो तेथेच भाजतो, त्यालाच ‘बुलांजरी’ ही पाटी लावता येते. बाहेरून गोठविलेले गोळे आणून नुसते तापविणाऱ्याला ती मुभा नाही. बगेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हातभर लांब पावाच्या कारागिरीला ३० नोव्हेंबर २०२२ रोजी युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्यामागे ही एवढी दक्षता आहे. हा कायदा आपल्याकडे लागू केला, तर फ्रेंच पाट्या लावणाऱ्या किती दुकानांच्या पाट्या टिकतील, हे ज्याचे त्याने मनाशी ताडावे.

तथापि यवतमाळकरांनी पाहावा असा फ्रान्सचा खरा प्रदेश पॅरिस नव्हे. तो आहे वायव्येचा ब्रिटनी प्रांत. तेथील जमीन हलकी, हवा ओली, गहू बेताचाच. म्हणून तेथला कष्टकरी शतकानुशतके कुट्टू पिकवीत आला. उत्तर हिंदुस्थानात उपासाला ज्याचे पीठ चालते, तोच हा कुट्टू. ब्रिटनीचे लोक त्याला ‘काळा गहू’ म्हणतात, पण गव्हाशी त्याचे नाते नाही. त्याच्या पिठात चिवटपणा नसल्यामुळे त्याचा फुगीर पाव होत नाही. तेव्हा ते पीठ पातळ भिजवून लोखंडी तव्यावर पसरतात आणि त्याची ‘गालेत’ करतात. हे गरिबाचे खाणे. गव्हाचा पाव परवडू लागला, शेती यांत्रिक झाली, तसा विसाव्या शतकात कुट्टूचा पेरा ओसरत अगदी तळाला गेला. पुढे तेथील शेतकरी, पीठगिरणीवाले आणि गालेत करणारे एकत्र आले. २०१० साली ब्रिटनीच्या कुट्टूच्या पिठाला भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले आणि पेरा पुन्हा वाढू लागला. आज तीच गालेत प्रतिष्ठित उपाहारगृहांत मिळते. मुंबईत नरिमन पॉइंटला २०११ साली फ्रेंच तरुणांनी काढलेल्या सुझेट या उपाहारगृहातही ती मिळू लागली. भरड धान्याची तव्यावरची भाकरच ती, सात समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपण तिला काट्या-चमच्याने मान दिला!

आता यवतमाळकडे वळू. या जिल्ह्याचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर. पोळी सणाची, भाकर रोजची, असा घरोघर रिवाज होता. हे चित्र पालटले ते कोणत्याही कॅफेमुळे नव्हे. १९५६ पासून अमेरिकेचा ‘पीएल ४८०’ गहू बंदरांत उतरू लागला आणि गहू हे शिधापत्रिकेचे धान्य झाले. याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्री झाले. अन्नधान्यात महाराष्ट्र स्वयंपूर्ण करण्याचा त्यांचा ध्यास सर्वश्रुत आहे. १९६४ साली प्रसृत झालेली ‘सीएसएच-१’ ही पहिली संकरित ज्वारी महाराष्ट्राच्या शेतांत पोचली, ती बव्हंशी त्यांच्या आग्रहामुळे. त्या ज्वारीने उत्पादन वाढविले, हे निर्विवाद. परंतु तिची भाकर जुन्या वाणांच्या भाकरीसारखी लागेना, ताट बुटके असल्याने कडबाही कमी पडू लागला, हेही तितकेच खरे. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल ‘मिलो’ खावी लागली. तिची चव ज्यांनी घेतली, त्यांच्या मनात ज्वारी या शब्दालाच दुष्काळाचा वास चिकटला. गहू मात्र प्रतिष्ठेचाच राहिला. खेड्यातून शहरात आलेला माणूस सुस्थितीत आला की आधी पोळीवर येतो आणि त्याचा मुलगा क्रोसाँवर जातो. ही एकाच जिन्याची दोन पावले आहेत.

हा जिना सरकारने बांधला, असे म्हणणे प्राप्त आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिले होते. (जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले.) कायद्यातील भरड धान्य यवतमाळच्या रास्त भावाच्या दुकानात किती वेळा दिसले, हे कार्डधारकांना विचारावे. ऑगस्ट २०१५ पासून आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सवलतीचे धान्य मिळू लागले. यवतमाळ त्यांत होते. मिळाले काय? गहू आणि तांदूळ. ज्वारी पिकवू शकणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने परप्रांतीचा गहू स्वस्तात दिला. त्याने ज्वारी का पेरावी? २०२३ पासून या धान्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये रोख देण्याचा निर्णय झाला, तेव्हा निदान धान्य निवडण्याची मोकळीक आली. पण तोवर शेतातली ज्वारी निघून गेली होती. २०२० च्या २६ जानेवारीस दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात भात, वरण, भाजी आणि दोन चपात्या. मराठी राज्याने गरिबासाठी काढलेल्या थाळीत भाकर नाही.

ज्वारी सोडण्याची शेतकऱ्याची कारणे निराळी आणि सबळ आहेत. खरिपाची ज्वारी कापणीला येते आणि परतीचा पाऊस गाठतो. कणीस काळे पडते, भाव पडतो. त्यातून वाचले ते रानडुकरे, रोही आणि पाखरे खातात. राखण करावयास आता घरात माणसे नाहीत. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत मोकळे होते, मळणीयंत्र बांधावर येते. पण ज्वारीबरोबर कडबाही गेला, कडब्यावाचून बैल पोसणे जड झाले, बैल गेले तसे शेणखत गेले आणि शेतीचा रोख खर्च वाढत राहिला. नगदी पिकाचा भाव पडला, तर पूर्वी घरात वर्षाची ज्वारी तरी असे. आज कापूस पिकविणारे कुटुंबही पीठ विकत आणते. या जिल्ह्याच्या कर्जबाजारीपणाची अनेक कारणे आहेत. त्यांत या एका कारणाची चर्चा फारशी होत नाही.

मग हॉटेलात तरी भाकर का मिळत नाही? याचे उत्तर रुचीत नाही, पिठात आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळते पाणी घालून, लागेल तेवढेच पीठ हाताने मळून, परातीत थापून ती लगेच भाजावी लागते आणि गरम असतानाच खावी लागते. कणीक सकाळी मळून रात्रीपर्यंत पुरविता येते. पाव दोन दिवस टिकतो. गोठविलेला गोळा तर महिनोन्‌महिने. भाकरीला दरवेळी एक कसबी हात लागतो. तो हात आजवर घरातल्या बाईचा होता आणि त्याची मजुरी कोणी धरलीच नाही. हॉटेलवाल्याला ती धरावी लागते, म्हणून तो भाकर ठेवीत नाही. फ्रान्सने बुलांजरीच्या कायद्यात ज्याचे रक्षण केले, ते हे मळणाऱ्या हाताचे मोल होय.

येथे कोणी झुणका-भाकर केंद्रांची आठवण करून देईल. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. सरकार बदलले, अनुदान आटले, आणि मोक्याच्या जागांवरील त्या टपऱ्यांत वडापाव अन् थंड पेये दिसू लागली. भाकरीला गिऱ्हाईक नसते, असा निष्कर्ष त्यावरून काढतात. तो चुकीचा आहे. एक रुपयात ना ज्वारीचा खर्च निघत होता, ना थापणारीची मजुरी. आधार होता तो केवळ अनुदानाचा. शेतकऱ्याकडून ज्वारी घेण्याची कोणतीही जोड त्या योजनेला नव्हती. ब्रिटनीने नेमके उलट केले. आधी धान्याची व्यवस्था लावली, भाव उघडपणे पूर्ण घेतला, आणि गिऱ्हाईक टिकले.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून आपल्याच देशाच्या पुढाकाराने साजरे झाले. परिषदा झाल्या, नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे केक वाटले गेले. भरड धान्याला प्रतिष्ठा द्यावयाची तर त्याला आधी केकचे सोंग दिले पाहिजे, ही त्यामागची समजूत मोठी उद्‌बोधक आहे. हिवाळ्यात नागपूर-पुण्याची मंडळी हुरडा खाण्यासाठी मोटारी काढून रानात जातात आणि चांगले पैसे मोजतात. तेव्हा गिऱ्हाईक नाही असे नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली. वऱ्हाडातल्या खरीप वाणांचा तसा शोध कृषी विद्यापीठाने घ्यावा. परंतु मानांकनाआधी खात्रीची मागणी लागते, आणि ती निर्माण करावयास पर्यटकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद अशी आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालये आहेत. त्यांच्या अखत्यारीत आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. तेथे जेवणारी गोंड, कोलाम, आंध मुले ज्वारी खाणाऱ्या घरांतलीच आहेत. या भोजनगृहांच्या खरेदीत आठवड्यातून दोन दिवस ज्वारी घालावी, ती जिल्ह्यातूनच आधारभावाने पेरणीपूर्वी बोलून घ्यावी, आणि भाकरी थापणाऱ्या बचत गटांतील बायांची मजुरी वेगळी धरावी. दोनशे मुलांचे एक वसतिगृह घेतले, दिवसाला मुलामागे दोनशे ग्रॅम पीठ धरले, तर दोन दिवसांचे ऐंशी किलो होते. चाळीस आठवड्यांचे बत्तीस क्विंटल. एकरी चार क्विंटल पीक धरले तरी एका वसतिगृहामागे आठ एकर ज्वारी पेरावी लागेल, आणि तिचा कडबा शेतकऱ्याच्याच दारात राहील.