विश्लेषण : रानडुकरांसाठी बंदूक घ्यायची, तर कोणती?

भात पोटरीला आले की पेण-रोह्यातील डोंगरालगतच्या शेतांत रानडुकरांचे कळप उतरतात. रात्र-रात्र राखण करून थकलेला शेतकरी मग विचारतो, ‘रायफल मिळेल का?’

रायफल की ठासणीची?
शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ नुसार पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीचा. ती अपुरी असल्याचे परवाना अधिकाऱ्याला पटले, तरच किमान २० इंची नळीची, आटे नसलेली दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलच्या नळीत आटे असतात, त्यामुळे ती या तरतुदीत बसत नाही.

रोह्यात वेगळे काय?
फणसाड अभयारण्य मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरले आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

परवाना हाती आला, की डुक्कर मारता येते?
नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. मारलेले डुक्कर सरकारी मालमत्ता ठरते. परस्पर मटण वाटणे हा गुन्हा आहे.

मग आधी काय करावे?
बंदुकीच्या दुकानाआधी वनविभागाचे कार्यालय गाठावे. नुकसानीचा पंचनामा भरपाईलाही लागतो आणि परवानगी मागतानाही तोच पुरावा ठरतो.