बिल करणाऱ्याने बिल पास करू नये

आमच्या कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नियम कळतो. ज्याने बिल केले त्याने ते पास करायचे नाही. कारण साधे आहे, स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. संगणकवाल्यांना मात्र हा कारकुनी नियम जुनाट वाटू लागलेला दिसतो.

वेबसाइट नीट चालते का हे तपासायला ब्राउझर आपोआप चालवणारी साधने जुनीच आहेत. सेलेनियम २००४ चे, मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० चे. प्रोग्रामर पायरीन् पायरी लिहून द्यायचा, यंत्र ती गिरवायचे. २०२५ साली प्लेराइट एआय मदतनिसांच्या हाती आले आणि त्याच वर्षी त्यात तीन कारभारी नेमले गेले. पहिला साइटवर फिरून चाचण्यांचा आराखडा करतो, दुसरा त्या चाचण्या लिहितो, तिसरा नापास झालेली चाचणी दुरुस्त करतो. साइटच बिघडली आहे असे वाटले तर ती चाचणी वगळली म्हणून नोंदवतो. ती नोंद पुढे वाचतो कोण?

बटणाची जागा बदलल्यामुळे चाचणी अडली तर ती दुरुस्त करणे रास्तच. पण चाचणीची खरी किंमत ती नापास होते तेव्हाच कळते. साइट लिहिणारा एआय, तपासणारा एआय आणि निकाल सुधारणाराही एआय, ह्याला परीक्षा म्हणायचे का?

आराखडा निघतो तो साइटवर जे दिसते त्यातून. नावाचा रकाना रोमन अक्षरेच घेत असेल तर यंत्र रोमन नाव भरील आणि हिरवी खूण करून मोकळे होईल. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीच्याही वापराची तरतूद आहे, हे त्याला सांगणार कोण?

वेळ वाचतो म्हणतात. वाचतो खरा. शिवाय ह्या साधनांना आता साध्या भाषेत काम सांगता येते. ‘लक्ष्मी हे नाव देवनागरीत भर आणि अर्ज पाठव’ एवढे वाक्य पुरते. मग अशी वाक्ये खिडकीमागे बसणाऱ्याने आणि खिडकीपुढे रांगेत उभे राहणाऱ्याने का लिहू नयेत? यंत्राने बटणे खुशाल दाबावीत. काय तपासायचे ते ह्या माणसांनी ठरवावे, आणि नापास चाचणीला त्यांच्या सहीशिवाय कोणी हात लावू नये.