खुर्च्याच नाहीत, तर वादक कोठून येणार?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावात एखाद्या तरुणाचा पेटीवर किंवा तबल्यावर बऱ्यापैकी हात बसलेला असेल, तर या दिवसांत त्याला चार रात्रींचे काम मिळण्याची आशा असते. भजनी मंडळात सूर-ताल पक्का होतो, दंडारीत धीटपणा येतो आणि पुढेमागे वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीचे बोलावणे आले, तर होळीपर्यंतच्या रात्री रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत जातात. झाडीपट्टी रंगभूमीला वादक पुरविणारी कोणतीही अकादमी नाही. तरीही ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड वाजविणाऱ्यांची नवी फळी तेथे तयार होत राहते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीच्या नटांकडे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष गेले. तिच्या वादकांकडे ते अद्याप गेलेले नाही, ही गोष्ट अलाहिदा.

या झाडीपट्टीच्या वादकाची आठवण होण्याचे कारण मुंबईत आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. देशातील एकमेव व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद अशी त्याची ओळख आहे. त्याने २०१९ साली ब्रिटनचा दौरा केला, तेथे झाकीर हुसेन यांच्या तबल्याला साथ दिली आणि टीकाकारांकडून कौतुकही मिळविले. मात्र प्रत्येक हंगामाच्या वेळी एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातो: नावात भारत असलेल्या या वाद्यवृंदात भारतीय वादक इतके थोडे का? कझाकस्तान व अन्य देशांतून आलेल्या वादकांशिवाय हा डोलारा उभा राहू शकत नाही, हे उघड आहे. या प्रश्नाचे उत्तर देताना बहुधा आपल्या मुलांच्या तयारीला दोष दिला जातो. तो निदान अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; आणि ते पटवून द्यायचे तर व्हायोला या काहीशा दुर्लक्षित वाद्याकडे पाहावे लागेल. (आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत आहे तो स्वरलिपी समोर ठेवून एका संचालकाच्या हाताखाली वाजविणारा ऐंशी-नव्वद जणांचा वाद्यवृंद.)

व्हायोला दिसतो व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखा. व्हायोलिनची सर्वांत उंच स्वराची तार त्याला नसते. त्याऐवजी खाली खर्जाची एक तार अधिक असते. या खालच्या स्वरांच्या मानाने त्याचा आकार व्हायोलिनच्या सुमारे दीडपट हवा. पण तेवढे वाद्य हनुवटीखाली धरणे मनुष्याच्या हाताला शक्य नाही. म्हणून चाळीस सेंटिमीटरच्या आसपासची तडजोड रूढ झाली. त्या तडजोडीमुळेच त्याचा आवाज किंचित घोगरा, आतल्या आत बोलणारा. मोठ्या वाद्यवृंदात तीस व्हायोलिनांच्या जोडीला दहा-बारा व्हायोला असतात. त्यांच्या वाट्याला मुख्य धून क्वचितच येते, पण ते काढून घेतले तर सगळा नाद पोकळ होतो.

या वाद्यापासून शिक्षणाची सुरुवात करणारे थोडे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती व्हायोलिन दिले जाते आणि बारा-पंधराव्या वर्षी, हात लांब झाल्यावर, त्यातील काहींना व्हायोलाकडे वळविले जाते. व्हायोलिनवर जमले नाही म्हणून व्हायोला, असा समज युरोपातही दीर्घकाळ होता. लायोनेल टर्टिस या इंग्रज वादकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वादनाने आणि अध्यापनाने तो खोडून काढला. आज पाश्चात्य देशांत या वादकाची वाट ठरलेली आहे. आधी संगीत महाविद्यालय. तेथून युवा वाद्यवृंद. त्यानंतर एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाशी जोडलेली प्रशिक्षण संस्था, जसे बर्लिन फिलहार्मोनिकची १९७० च्या दशकात सुरू झालेली कारायान अकादमी. आणि मग निवड चाचणी. या चाचणीत उमेदवार पडद्याआड बसतो, परीक्षकांना त्याचे नावगाव कळत नाही. स्टामिट्झ किंवा होफमाइस्टर यांचा कंचेर्टो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांतील अवघड तुकडे वाजवावे लागतात. एका जागेसाठी शंभरावर अर्ज येणे तेथे नवलाचे नाही. निवड झाल्यावरही जर्मनीत साधारणतः एक वर्ष परीक्षेचे असते आणि शेवटी सहवादक मत देतात: हा माणूस आमच्याबरोबर वाजवू शकतो की नाही?

ही शिडी कठीण आहे खरी, परंतु तिला पायऱ्या आहेत. तरुण वादक लहान गावच्या नाट्यगृहात, हंगामी नेमणुकीत किंवा आजारी वादकाच्या जागी वाजवीत वर चढतो. अंतोनिन द्वोर्झाक हा पुढे जगन्मान्य झालेला रचनाकार तरुणपणी सुमारे नऊ वर्षे प्रागच्या नाट्यगृहात व्हायोला वाजवीत होता. रोज रात्री रंगमंचापुढे बसून नाटकाला साथ करणाऱ्या त्या द्वोर्झाकचे आणि वडशाच्या कंपनीतल्या पेटीवाल्याचे जगणे, वाद्य व स्वरलिपीचा भेद सोडला, तर फारसे वेगळे नसावे.

आपल्याकडे अशा पायऱ्या कधी नव्हत्याच, असे मात्र नाही. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा शतकानुशतके चालली. तेथून निघालेले वादक संस्थानिकांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या चित्रगृहांत, हॉटेलांत आणि अखेर मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे तंतुवाद्यांचे भरगच्च ताटवे सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकाने लिहिले. ते वाजविण्यासाठी व्हायोलिनबरोबर व्हायोला आणि चेलो वाजविणारे लागत. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रचनांसाठी वाद्यवृंद जमविला. स्टुडिओंत दिवसा पोट भरणारे वादक असल्यावाचून असे उपक्रम मुंबईत उभेच राहिले नसते. गोन्साल्विस यांच्याच हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले. म्हणजे गुरू, शिष्य आणि रोजगार हे तिन्ही एकाच गावात होते.

तो काळ संपला. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझरने स्टुडिओतील तंतुवाद्यांची जागा घेण्यास प्रारंभ केला आणि पुढील दीड-दोन दशकांत शंभर-शंभर वादकांची ध्वनिमुद्रणे इतिहासजमा झाली. व्हायोलिनवाल्याला निदान शिकवण्या मिळाल्या, एखाददुसरे एकल वादनही मिळाले. व्हायोलावाल्याचे सारे अस्तित्वच समूहावर अवलंबून. समूह मोडला तेव्हा त्याची पुढची पिढी तयार होण्याचे कारणच उरले नाही. मुलगा व्हायोला शिकून करणार काय, या घरच्या प्रश्नाला कोणत्या शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

गेल्या दीड-दोन दशकांत शिक्षणाच्या बाजूने काही चांगले घडले आहे. एनसीपीएने २०१२ साली आपल्या वाद्यवृंदाशी जोडलेली संगीत अकादमी सुरू केली व लहान वयापासून शिस्तबद्ध तालमीचा रशियन पद्धतीचा परिपाठ आणला. ए. आर. रहमान यांच्या चेन्नईतील संस्थेने गरीब घरांतील मुलांसाठी ‘सनशाइन ऑर्केस्ट्रा’ चालविला. गोव्यात २००९ पासून ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ वंचित मुलांच्या हाती तंतुवाद्ये देत आहे. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि, या मुलांपैकी कोणी उद्या उत्तम व्हायोलावादक झाला, तर त्याने बसायचे कोठे? सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातील जागा मोजक्या, त्याचे मोठे हंगाम वर्षातून दोन आणि त्याच्या खालची पायरी मोकळी. हौशी वाद्यवृंद आहेत, परंतु हौसेवर घर चालत नाही. मग हुशार विद्यार्थी परदेशी महाविद्यालयाची वाट धरतो आणि उरलेले विसाव्या वर्षी वाद्य पेटीत ठेवून नोकरीला लागतात. त्यानंतर आपणच म्हणतो की भारतीय वादक मिळत नाहीत.

जागा आधी असली की शिक्षण तिच्यामागून कसे येते, याचे उदाहरण सातपुड्यात आहे. पचमढी येथे लष्कराची संगीत प्रशिक्षण शाखा स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाली. खेड्यापाड्यांतून भरती झालेले जवान तेथे पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकतात आणि पथकाच्या बँडमध्ये नियमित वेतनावर वाजवितात. ज्यांच्या घरी कोणी बीथोवनचे नावही ऐकले नव्हते, असे हे तरुण. त्यांना बोलावणारी नेमणूक होती म्हणून ते तयार झाले. सुषिर वाद्यांच्या बाबतीत जे साधले, ते तंतुवाद्यांच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

खर्चाचा आक्षेप येईल आणि तो अगदीच गैरलागू नाही. वाद्य महाग, चांगल्या तारा परदेशी, आणि आपल्या पावसाळ्यात लाकडाचे सांधे सुटतात ते निराळेच. ज्या राज्यात संगीत नाटकांचे प्रयोगही अनुदानाविना तग धरू शकत नाहीत, तेथे सरकारने सिम्फनीवर पैसा का खर्चावा, असेही कोणी विचारील. त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. नवा भव्य वाद्यवृंद उभारा, असे येथे सुचवायचेच नाही. मुंबई-पुणे-पणजी मिळून बारा-पंधरा तंतुवादकांचा एक छोटा, वर्षभर वेतन देणारा चमू. त्यात व्हायोलाच्या दोन जागा. चित्रपट आणि मालिकांच्या ध्वनिमुद्रणात त्याला ठरावीक काम. आणि एनसीपीएच्या वाद्यवृंदात, पाहुण्या वादकाच्या शेजारी बसून, दोन वर्षे उमेदवारी करण्याची सोय. एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. परदेशी वादकाची खुर्ची हिसकावण्याचा हा प्रश्न नाही. किंबहुना तोच या उमेदवाराचा पहिला गुरू ठरेल.

यात भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांचा संबंध कोठे येतो, अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गायन-वादनाची पायरी छोट्या गावांपर्यंत नेली, कारण त्या परीक्षांच्या पुढे शिक्षकाची नोकरी दिसत होती. एकोडीच्या भजनात पेटी धरणाऱ्या मुलाचा कान तयार असतो, रात्रभर बसण्याची त्याची तयारी असते आणि दुसऱ्याचा सूर सांभाळून वाजविण्याची सवय तर त्याला झाडीपट्टीने लावलेलीच असते. व्हायोलावादकाच्या निवड चाचणीत परीक्षक पडद्यापलीकडून अखेर हेच ऐकत असतात. त्या मुलाला व्हायोला आवडेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. त्याने तो अद्याप पाहिलेलाच नाही.