मीटर कुणाच्या नावावर?

वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला आपण पंचांग उघडतो, पाहुण्यांची यादी तीन-तीनदा तपासतो. घराचं वीजमीटर कुणाच्या नावावर आहे, हे बघायचं मात्र राहून जातं. बारामती-इंदापूरकडे हे दुखणं जुनं आहे. आजोबा जाऊन जमाना झाला, वाटण्या झाल्या, सातबारा भावाभावांत फुटला, तरी बिल आजोबांच्याच नावानं येतं आणि नातू ते निमूट फोनवरून भरतो. बिल भरलं जातंय ना, मग नावाचं काय एवढं, असं उत्तर वर मिळतं.

इंग्लंडात घर बदललं की वीज आणि गॅस कुणाकडून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. मुंबईतही २००९ नंतर अनेकांनी टाटा परवडते की रिलायन्स, याचा हिशेब मांडला होता. आपल्याकडे ती भानगड नाही. विजेसाठी महावितरण, बस्स. परिमंडलाचं कार्यालय बारामतीतच आहे, सातारा-सोलापूरचा कारभारही त्याच्याखाली येतो. म्हणजे कंपनी कुठली हा आपला प्रश्नच नाही. आधीच्या माणसाचं खातं कुठल्या अवस्थेत आपल्या गळ्यात पडतंय, हा खरा प्रश्न.

कारण थकबाकी माणसाबरोबर जात नाही, ती घराला चिकटून राहते. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये के. सी. निनान खटल्यात हे पुरतं स्पष्ट केलं: नियमात तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची वीजथकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत ती आहे. पूर्वीच्या नियमांत विकत घेणाऱ्यावर फार तर सहा महिन्यांच्या वीजआकाराचा बोजा टाकता येत असे. वारसाला मात्र ही सवलत तेव्हाही नव्हती. आता परक्यानं घर घेतलं काय नि पोटच्या पोरानं घेतलं काय, अख्खी जुनी उधारी गळ्यात पडू शकते! आजोबांच्या नावाचं मीटर तसंच चालू ठेवणाऱ्यांनी हे कानावर घालून घ्यावं.

तेव्हा इसार देण्याआधी शेवटचं बिल मागा. बारा आकडी ग्राहक क्रमांक, मंजूर लोड, वर्गवारी आणि मागील बाकी एवढं वाचायला दोन मिनिटं पुरतात. वर्गवारी तर नक्की बघा. घरगुती मीटरवर पुढच्या खोलीत दुकान चाललं असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या वर जात असेल, तर तो वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. मीटर ‘पीडी’ झालं असेल, म्हणजे वीज कायमची तोडली असेल, तर मालक सांगतो, ‘वायरमनला सांगून जोडून देतो.’ त्यावर विसंबू नका. ताबा घ्याल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्याच आठवड्यात नावबदलाचा अर्ज टाका. आधीच्या ग्राहकाचं संमतिपत्र मिळालं तर उत्तम. नसेल तर नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र चालतं. मोबाईल नंबरही तेव्हाच बदला, नाहीतर तुमच्या बिलाचे मेसेज जुन्या मालकाला जात राहतील.

भाडेकरूंची तऱ्हा निराळी. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो आहेत, विद्या प्रतिष्ठान आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्यामुळे जळोची, रुई, तांदुळवाडीकडे खोल्यांवर खोल्या चढल्या. पाच खोल्या, मीटर एक, आत मालकाचे सबमीटर. आता साधं गणित करा. प्रत्येक खोली महिन्याला ८० युनिट जाळते. स्वतंत्र मीटर असतं तर पाचही जण १०० युनिटच्या आतल्या स्वस्त दरात बसले असते. एकाच मीटरवर मिळून ४०० युनिट होतात. पहिले १०० सोडले की पुढचा दर जवळपास दुप्पट, आणि ३०० च्या पुढे आणखी वर. हा भुर्दंड मालक भरत नाही, तो पाच पोरांच्या खिशातून जातो. मालकाला लुच्चा म्हणायचं कारण नाही, बऱ्याचदा त्यालाही हे गणित ठाऊक नसतं. वीज कायद्याचं कलम ४३ मात्र ‘मालक किंवा कब्जेदार’ असे दोघांचेही अर्ज मानतं.

रानात वस्तीवर घर बांधणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: लाइन कुठल्या फीडरवरची? गावठाणाच्या फीडरची वीज वेगळी आणि शेतीपंपाची, पाळीपाळीनं येणारी वेगळी. मोटरच्या कनेक्शनवरून घरात वायर ओढली, तर पुन्हा तेच कलम १२६.

गॅसचं त्या मानानं सोपं आहे. तिथं निवडीला थोडी जागा आहे; २०१४ पासून एजन्सी बदलण्याची सोयही मिळाली. गाव सोडताना टाकी आणि रेग्युलेटर जमा करायचा, अनामत परत घ्यायची आणि एजन्सी देईल तो कागद जिवापाड जपायचा. नव्यानं कनेक्शन घ्यायचं तर जून २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीला २२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये अनामत आहे. टाकी दारात आली की वरच्या कडीजवळच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष बघा. बी-२७ म्हणजे एप्रिल ते जून २०२७ मध्ये तिची तपासणी व्हायची आहे. ती मुदत उलटलेली टाकी परत पाठवा. वजनकाटा गाडीतच असतो; मागितला की निघतो. इथंही मोबाईल नंबर जुना राहिला, तर टाकी घेऊन आलेला माणूस कोड मागतो आणि कोड जातो भलत्याच फोनवर.

आपण अडतो ते पत्त्याच्या पुराव्यावर. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ मध्ये, स्थलांतरित कुटुंबाचं स्वयंघोषणापत्र पत्त्यासाठी मान्य झालं. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाला कोप्या टाकणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना ते उपयोगी आहे. पण एमआयडीसीतल्या पोराला एजन्सी भाडेकरार मागते, आणि मालकानं तो केलेलाच नसतो किंवा नोटरीवर उरकलेला असतो. मग पोरगं ब्लॅकनं टाकी आणतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकारपणा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खोली बघायला जाल तेव्हा डिपॉझिटची घासाघीस करण्याआधी हे मालकाला गोडीत ऐकवा.