पिंजऱ्यांतील उंछवृत्ति

आपल्या घरांतून अलीकडे कांहीं नवे आश्रित येऊन राहिले आहेत. गॅलरींत बजरीगरांची जोडी, जिन्याखालीं पांढरा ससा, मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत गिनीपिग, हें दृश्य पूर्वी मोठ्या शहरांतून दिसे. आतां तें हिंगोली, वसमत, कळमनुरी येथेंहि नवलाचें राहिलेलें नाहीं. मंडळी ह्या जीवांचे लाड मनापासून करतात. वाटी दाण्यांनीं शिगोशीग भरलेली असते, पाणी ताजें असतें, पिंजरा लखलखीत असतो. इतकें असूनहि पाखरूं एकाच दांडीवर तासन् तास डोलत बसतें, स्वतःच्याच छातीचीं पिसें उपटूं लागतें. ससा रात्रभर पिंजऱ्याचे गज कुरतडतो. मग यजमान कष्टी होऊन म्हणतात, "ह्यांस आम्हीं काय कमी केलें?" अशा लक्षणांमागें रोगहि असूं शकतो, म्हणून प्रथम पशुवैद्यास दाखवावें हें खरें. परंतु रोग नाहीं असें ठरल्यावर ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा एकच निघतें: आपण त्यांस अन्न दिलें, पण अन्न मिळविण्याचा उद्योग काढून घेतला.

बजरीगर, ज्यास बाजारांत पुष्कळदां चुकीनें 'लव्हबर्ड' म्हणतात, हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला पक्षी. जॉन गूल्ड नांवाच्या पक्षिशास्त्रज्ञानें 1840 सालीं तो जिवंत इंग्लंडांत नेला, आणि पुढें तो जगभरच्या पिंजऱ्यांतून पसरला. रानांत ह्या पक्ष्यांचे थवे अन्नपाण्याच्या शोधांत दूरदूर भटकतात. जमिनीवर फिरून गवताचें बारीक बीं टिपतात आणि एक एक दाणा सोलून खातात. पाळीव ससा हा युरोपांतील बिळें करून राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याचे दांत जन्मभर वाढत राहतात व गवत चावूनच ते झिजतात. अशा जीवांचें पोट भरल्या वाटीनें घटकेंत भरलें, तर उरलेल्या दिवसाचें त्यांनीं करावें काय? 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशी माणसास लावतों. पिंजऱ्यांतल्या जीवावर मात्र ती अवस्था आपणच लादतों.

हा केवळ तर्क नव्हे. 1963 सालीं ग्लेन जेन्सन ह्या अमेरिकन संशोधकानें 200 उंदरांवर एक प्रयोग केला. पिंजऱ्यांत एकीकडे अन्नाची भरलेली वाटी ठेवली, व दुसरीकडे दाबली असतां अन्न देणारी एक कळ बसविली. अन्न दोन्हीकडे तेंच. तरीहि बहुतेक उंदरांनीं आपल्या खाण्याचा कांहीं ना कांहीं भाग कळ दाबून, कष्ट करूनच मिळविला. पुढें कबुतरें, कोंबड्या व पोपट ह्यांच्यांतहि हीच प्रवृत्ति आढळली. अपवाद निघाला तो मांजराचा: 1971 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मांजरांनीं फुकटची वाटीच पसंत केली. ज्यांच्या घरीं मांजर आहे त्यांस ह्याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

शोधून खाण्याच्या ह्या रीतीस आपल्याकडे एक सुंदर नांव आहे. कापणी झाल्यावर शेतांत पडून राहिलेले दाणे एक एक वेंचून त्यांवर निर्वाह करणें ह्यास उंछवृत्ति म्हणतात. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत अर्धें अंग सोन्याचें झालेल्या मुंगुसाची कथा आहे. तींतील कुरुक्षेत्रींचा ब्राह्मण बायको, मुलगा व सून ह्यांसह ह्याच वृत्तीनें राहत असे. आणि त्याच्या त्या राहणीस तेथें कापोती, म्हणजे कबुतराची, वृत्ति म्हटलें आहे. निर्वाहाची ही रीत पाखराच्या नांवानें ओळखली गेली, आणि आपल्या पूर्वजांनीं तिला प्रतिष्ठा दिली. आतां आपल्याच घरीं पाखरापासून ती हिरावली जात असेल, तर ती त्यास परत करणें हें आपलें कर्तव्य नव्हे काय?

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला हिरवा पोपट, मैना, मुनिया, खार व रानससा ह्यांस घरीं कोंडून ठेवणें हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आजीचा मिठू कितीहि लाडका असला तरी त्यास अपवाद नाहीं. परंतु असा पक्षी घरीं असल्यास त्यास नुसतें उडवून देणेंहि योग्य नव्हे. जन्मभर वाटींतलें खाल्लेल्या पक्ष्यास बाहेर अन्न शोधतां येत नाहीं, आणि तो मांजराच्या किंवा कावळ्यांच्या तावडींत सांपडतो. त्यास वनखात्याच्या स्वाधीन करावें. पुढील कृति बजरीगर, पाळीव ससा व गिनीपिग ह्यांच्यासाठीं आहेत.

पहिली व सर्वांत सोपी कृति कणसाची. ज्वारीचें किंवा राळ्याचें पक्व, वाळलेलें, औषध न फवारलेलें कणीस लांकडी चिमट्यानें पिंजऱ्याच्या वरच्या बाजूस उलटें अडकवावें. पाखरास लोंबकळून दाणा काढावा लागतो, व त्यांत त्याचा बराच वेळ सुखानें जातो. मात्र कोवळ्या ज्वारीच्या ताटांत विष असतें. तिच्यामुळें गुरांना किराळ लागण्याची भीति असते हें आपल्याकडील शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. म्हणून हिरवें ताट कोणत्याहि पाळीव जीवास घालूं नये.

दुसरी कृति पुडीची. मक्याच्या कणसावरचें कोरडें पान घेऊन त्यांत चिमूटभर राळे घालावे व दोन्ही टोकें पिळून पुडी वळावी. पान न मिळाल्यास कोरा कागद चालतो. टांचणी, डिंक व दोरा ह्यांस फांटा द्यावा. दोऱ्यांत पाखराचा पाय गुंतून आवळला जातो. तिसरी कृति परडीची. बांबूची रंग न दिलेली उथळ परडी स्वच्छ वाळल्या गवतानें भरावी व दाणे त्यांत विस्कटून टाकावे. बजरीगर जमिनीवर टिपून खाणारा असल्यामुळें ही रीत त्यास विशेष मानवते.

चौथी कृति पापडीची. दोन चमचे बाजरीच्या पिठांत एक चमचा किसलेलें गाजर घालून पाण्यानें घट्ट मळावें, रुपयाएवढ्या पातळ पापड्या थापाव्या, मधोमध छिद्र पाडावें आणि तेल व मीठ न घालतां मंद आंचेवर कडक भाजाव्या. तवा लोखंडीच घ्यावा. न चिकटणाऱ्या लेपाचीं भांडीं अति तापलीं म्हणजे त्यांतून निघणारी वाफ पाखरांस प्राणघातक ठरते. आठवड्यांतून एखादी पापडी पुरे.

सशास व गिनीपिगास धान्याची गरज नाहीं. त्यांचें मुख्य अन्न गवत. नारळाच्या स्वच्छ करवंटींत किंवा जाड कागदाच्या नळींत वाळलें गवत भरावें, आणि त्याच्या पोटांत कोथिंबिरीच्या दोन-तीन काड्या लपवाव्या. गाजर ही सशाची मिठाई आहे. नखाएवढा तुकडा पुरे. गिनीपिगाचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत, पेरू देशाच्या बाजूस. माणसाप्रमाणेंच त्याच्याहि शरीरांत क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तेव्हां त्याच्या गवतांत ढोबळ्या मिरचीचा तुकडा रोज, व बिया काढलेल्या पेरूची लहानशी फोड अधूनमधून लपवावी. पेरूच्या रहिवाशास पेरू रुचला तर त्यांत नवल तें कोणतें!

ह्या सर्व कृतींस तीन नियम लागू आहेत. पहिला असा कीं, लपवावयाचे दाणे रोजच्या शिध्यांतूनच काढावे, वर आणखी देऊं नयेत. एका बजरीगरास दिवसाला सुमारे दोन चहाचे चमचे दाणे लागतात. त्यांतले निम्मे लपवावे, निम्मे वाटींत ठेवावे. दुसरा नियम, कोडें क्रमाक्रमानें अवघड करावें. पहिल्या दिवशीं पुडी उघडी ठेवावी, नंतर अर्धवट मिटावी, पाखरानें ती फोडल्यावरच पुरती वळावी. उपाशी ठेवून काम करून घेणें हा उद्योग नव्हे, क्रौर्य होय. तिसरा नियम, मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ओलें खाद्य दोन तासांनीं काढून टाकावें. मीठ, गूळ, तळलेले पदार्थ, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण आणि अव्होकाडो हीं सदैव वर्ज्य.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. बजरीगर दाणा सोलून त्याचें टरफल वाटींतच टाकतो. त्यामुळें वरून वाटी भरलेली दिसते आणि आंत सगळें फोल असतें. भरल्या वाटीपुढें पाखरूं उपाशी मरतें तें असें. म्हणून रोज सकाळीं वाटीवर फुंकर घालून फोल उडवावें व खालीं दाणे किती उरले आहेत तें पाहावें.

आतां हें काम घरांत कोणीं करावें? एकत्र कुटुंबांत सुना कर्तबगार असल्या म्हणजे सासूबाईंच्या हातचें एक एक काम प्रेमानेंच काढून घेतात. "तुम्ही बसा, आम्ही करतों." निवडणें, टिपणें, वळणें ज्या हातांनीं पन्नास वर्षें केलें, ते हात मांडीवर पडून राहतात. ताट वेळेवर समोर येतें, तरी सासूबाईंचें जेवण कमी होत जातें, आणि "ह्यांस आम्हीं काय कमी केलें?" हा प्रश्न तेथेंहि विचारला जातो. पुड्या वळण्याचें काम आजीकडे सोंपवावें, त्या लपविण्याचें नातवंडांकडे, आणि वाटीवर फुंकर घालून पाहण्याचें घरच्या कर्त्या माणसाकडे. रोज सारा मिळून पाव तासाचा हा खटाटोप आहे.

पहिले दोन-तीन दिवस पाखरूं पुडीकडे संशयानें पाहील, एकदां चोंच लावून मागें सरेल. अशा वेळीं मुलें अधीर होतात व हात घालून पुडी सोडवून देऊं पाहतात. त्यांस तेवढें करूं देऊं नये. पिंजऱ्यापासून दोन हात दूर बसवावें आणि वाट पाहण्यास सांगावें.