आधी हिशेब, मग वर्गणी

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. वर्गाचे पत्रे गळतात, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, कबड्डीच्या संघाला जिल्ह्याच्या सामन्यांना जायचंय आणि एसटीच्या भाड्यापासून अडचण आहे. तेव्हा निधी उभा करण्याची एखादी नवी कल्पना सुचवा. ‘नवी’ या शब्दाखाली कुणीकुणी रेघही मारलेली असते.

कल्पनांचा दुष्काळ महाराष्ट्रात कधी पडलेला मला आठवत नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला तेव्हा मागणं होतं माणशी वर्षाला एक पैसा. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तो काळ, म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. आजचा कुठलाही सल्लागार हा आराखडा पहिल्याच बैठकीत बाद करील. तरी टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाने देणाऱ्याचं काही जात नाही, पण कारखाना कुठवर आला हे विचारायचा हक्क त्याला मिळतो.

हेच सूत्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वयंपाकघरापर्यंत नेलं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, काले गावातली. साताऱ्याचं वसतिगृह १९२४ चं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, म्हणजे दोन्ही वेळच्या धान्याची रोजची चिंता. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले, मंगळसूत्रही गेलं. आपण जयंती-पुण्यतिथीला हा प्रसंग सांगतो, गहिवरतो आणि तिथेच थांबतो. पण एका घरातलं सोनं कधीतरी संपतंच. संस्था चालवायची तर न संपणारं काहीतरी लागतं, आणि ते मुष्टिफंडात होतं: घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं, ते गोळा होऊन पोरांच्या ताटात जायचं.

या योजनेचं कौतुक पुष्कळ झालं, तिची बांधणी मात्र फारशी कुणी उलगडून पाहत नाही. खेड्यातल्या घरात रोख पैसा असला तर तो पुरुषाच्या कनवटीला. कणगीवर हात बाईचा. पैसा मागितला असता तर कारभाऱ्याला विचारावं लागलं असतं. धान्य मागितल्यामुळे जिचं मत एरवी कुणी घेत नव्हतं तीच देणगीदार झाली. शिवाय मुठीनं कुणी भिकेला लागत नाही, आणि एकदा देऊन सुटका होत नाही. पुन्हा हात कणगीत गेला की वसतिगृहातल्या पोरांची आठवण आलीच. आपल्या पोराला बोर्डिंगात धाडण्याआधीच ते बोर्डिंग त्या घराचं झालेलं असायचं, असं मला वाटतं.

थोरामोठ्यांकडे मागू नये असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला १८८५ मध्ये ज्या गव्हर्नरचं नाव मिळालं त्यांची देणगी होती बाराशे रुपयांची. तेव्हा ती मोठी होती हे मान्य. पण नाव किती स्वस्तात गेलं, हा विचार त्या दरवाज्यातून जाताना मनात येतोच. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाने त्यांच्या आईचं नाव लावलं. मात्र कर्व्यांनी आश्रम सुरू केला होता १८९६ मध्ये. मधली चोवीस वर्षं फुटकळ देणग्यांची, दारोदार फिरण्याची, झोळीतल्या चिल्लरीची. पंधरा लाख आले ते चालत्या कामाकडे पाहून. आमच्या पत्रलेखकांना क्रम उलटा हवा असतो: आधी कंपनीचा सीएसआर, मग काम. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले, तेव्हापासून प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर एक रंगीत प्रस्ताव तयार असतो. कुणाचा लागतो, बहुतेकांचा नाही, आणि तोवर पत्रे गळत राहतात.

नाटकाचा मार्ग आपल्या मातीतला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मूळ रक्कम मोडली नाही. तिच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन द्यायचं ठरलं. आपल्याकडे स्नेहसंमेलनाची तिकिटं विकतात, मग मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची शाल-श्रीफळं आणि वडा-चहा वजा जाता उरलेल्या रकमेत एक पंखा येतो. करमणूक म्हणून झकास. निधी म्हणून करणार असाल तर आधी खर्चाचा कागद लिहा; मांडववाला, वडेवाला फुकट देणार असेल तरच तिकिटं छापा.

कबड्डी-क्रिकेटच्या मंडळांबद्दल थोडक्यातच सांगतो. गणवेशावर स्थानिक नेत्याचा फोटो छापून घेणं हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि पुढच्या निवडणुकीत तो सर्वांत महाग पडतो. त्यापेक्षा गावातला दूधवाला, किराणावाला, ट्रॅक्टरवाला असे अकरा जण गाठावेत, एकेकानं एकेक खेळाडू दत्तक घ्यावा. मग सामन्याला माणसंही येतात.

एका प्रकाराला मात्र माझा ठाम विरोध आहे. मुलांच्या हातात सोडतीच्या कूपनांचं पुस्तक देऊन त्यांना सोसायटीत पाठवणं. ज्याचे काका-मामा पगारदार, त्याचं पुस्तक संध्याकाळपर्यंत संपतं. ज्याची आई धुणीभांडी करते, तो चार दिवस तेच पुस्तक दप्तरात घेऊन फिरतो आणि शेवटी आईच ती कूपनं घेते. वर सर्वाधिक विक्री करणाऱ्याचा सत्कार! ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे छोटे झेंडे आम्हीही वाटले, पण त्यात कुणाची वर्गात क्रमवारी लागत नसे. बाल-आनंद मेळाव्यात पोरांनी भेळ केली, मोड आलेली मटकी विकली, सुट्टे पैसे मोजले तर उत्तमच. तिथे पोर हिशेब शिकतं, याचना नव्हे.

आता कंटाळवाणा भाग, जो पत्रांत कुणीच विचारत नाही. सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्याचं कलम ४१-क वाचा आणि धर्मादाय कार्यालयात जा. ८०-जीची सवलत सांगून देणगी घेत असाल तर दोन हजारांवरच्या रोखीला ती मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगा. क्यूआर कोड चिकटवायचा तो संस्थेच्या खात्याचा, खजिनदाराच्या नव्हे. खजिनदार कितीही देवमाणूस असला तरी. आणि प्रवेशाच्या वेळी ‘ऐच्छिक’ देणगी मागणाऱ्या शाळांनी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ चष्मा लावून पाहावं: घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे.

त्याच कायद्याचं कलम २१ मात्र फार उपयोगाचं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात पाऊण पालक हवेत, आणि समितीत निम्म्या बायका. अनुदान असो वा आणखी कुठून आलेला पैसा, तो कसा खर्च झाला हे पाहणं या समितीचं काम. प्रत्यक्षात या बायकांकडून हजेरीच्या वहीवर सह्या घेतल्या जातात आणि चहा पाजून त्यांना घरी पाठवलं जातं. ज्या बाईच्या मुठीवर साताऱ्याची पंगत उठली, तिच्या नातीला आपण कोरम भरायला बोलावतो.

म्हणून पत्र्यांसाठी पैसे मागणाऱ्या सरांना माझं उत्तर असं: यंदा वर्गणीला निघू नका. गेल्या तीन वर्षांत शाळेला जे मिळालं आणि जे खर्चलं, ते समितीतल्या दोघी-तिघींच्या हातांनी फळ्यावर लिहून घ्या आणि तो फळा बाजारच्या दिवशी फाटकाबाहेर ठेवा. न जुळणारी रक्कम असेल तर तीही लिहा. लोक थांबतील, वाचतील, भांडतील. एखादा जुना खजिनदार चिडेलही. भांडण निवळलं की त्याच बायकांना पत्र्यांचा खर्च विचारायला दुकानात पाठवा आणि तो आकडा त्याच फळ्यावर खाली लिहा. मागायचं कुणाकडे आणि किती, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.