शेराला शेरच म्हणा!

'पेन्सिल कॅक्टस' म्हणून हल्ली नर्सरीत जे विकतात ना मंडळी, तो आपला शेर आहे. हो, तोच, शेताच्या बांधावरचा. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावलेलं झाड आपण चिनीमातीच्या कुंडीत घालून टीपॉयवर ठेवतोय, वर पैसेही मोजतोय!

झाडावर माझा काही राग नाही. राग आहे तो या नव्या बारशाचा. शेर म्हटलं की कोल्हापूरकडच्या खेड्यातलं पोरगंसुद्धा चार हात लांब राहायचं. 'पेन्सिल' म्हटल्यावर कोण लांब राहील? उलट हातात घेईल.

ओळखायला अगदी सोपा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोल, गुळगुळीत, हिरव्या कांड्या, पेरापेरातून झुबक्याने फुटलेल्या. काटा एकही नाही. पानं शेंड्याला, इवलीशी, लगेच गळणारी. 'फायर स्टिक' म्हणून मिळतो त्याचे शेंडे लालसर-केशरी, पण जात तीच. कांडी मोडली की पांढराशुभ्र चीक. (मोडून बघू नका, माझ्यावर विश्वास ठेवा!)

आणि हा कॅक्टस नव्हेच. कॅक्टस मूळचे अमेरिकेतले. हा आफ्रिकेतला, एरंडाच्या कुळातला. शास्त्रीय नाव युफोर्बिया टिरुकॅली. त्यातलं 'टिरुकॅली' मलबारातल्या नावावरून घेतलंय. म्हणजे १७५३ साली लिनिअसला देशी नाव चाललं, आपल्या दुकानदारांना मात्र चालत नाही!

चीक कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. पोटात गेला तर तोंड-घसा भाजतो, उलट्या-जुलाब. सगळ्यात वाईट डोळ्यात. आग, सूज, धूसर दिसणं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा... त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून 'जाईल बरं' म्हणून बसू नये.

"आम्ही लहानपणी शेराच्या कुंपणातच खेळलो, आम्हाला कुठं काय झालं?" असं आमचे काका म्हणणारच. काका, तुम्हाला तो शेर आहे हे माहीत होतं! रांगणाऱ्या नातवाला आणि कुंडी सरकवून फरशी पुसणाऱ्या मावशींना कोणी सांगितलंय?

असो. ठेवायचाच तर पोरांचा, मांजराचा हात पोचणार नाही असा ठेवा. छाटताना हातमोजे आणि चष्मा. कातडीला लागला तर साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तिथे 'पेन्सिल कॅक्टस' नका सांगू, शेर सांगा.

नर्सरीवाल्यांनो, कुंडीवर फक्त एक चिठ्ठी लावा: 'शेर. चीक विषारी.' खडूने लिहिलं तरी चालेल.